बिनतिकिटाचं टपाल

टपालखातं हे मानवी संस्कृतीचं शिखर आहे, आणि त्या शिखराच्या अगदी टोकावर, जिथं झेंडा रोवतात तिथं, पंच्याऐंशी साली मी बसलेलो होतो. खुर्चीचा एक पाय आखूड असल्यामुळे मी झेंड्यासारखा हलतही असे.

शिखर म्हणजे सावलीचं पोस्ट. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मधोमध लाकडी जाळी. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे जनता. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन तीन वर्षं झाली होती. नदीपलीकडचा गडचिरोली वेगळा निघाला होता. लोक मात्र पत्त्यात अजून जुनं 'जिल्हा चांदा' लिहीत आणि पत्र वेळेवर पोचे. नवा जिल्हा लिहिला की दोन दिवस उशीर. प्रगतीला थोडा वेळ लागतोच.

माझ्या पाठीमागे पोस्टमास्तर खुशालभाऊ रामटेके बसत. त्यांचे वडील छप्पनच्या दीक्षेला नागपूरला पायी गेलेले. परत आल्यावर त्यांनी पोराला एकच गोष्ट शिकवली : ज्याला लिहिलेलं वाचता येतं त्याला कोणी फसवू शकत नाही. खुशालभाऊंनी वाचायला घेतलं ते पोस्टाचं नियमांचं पुस्तक. वीस वर्षं तेच वाचत होते आणि अजून कंटाळले नव्हते. कुठलं पान उघडायचं ते त्यांच्या अंगठ्याला ठाऊक असे.

मृग लागून चार दिवस झाले होते. सोमवार होता. गिरजाबाई आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीवर ओलं फडकं. ही ढिवराची बाई, पन्नाशीची, नवरा गेलेला. सावलीपासून कोसभर आत राहायची. या भागातले काही ढिवर मासे धरतात आणि कोसाही करतात, म्हणजे रानातल्या येनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या पोसतात. तिनं टोपली जाळीपाशी ठेवली, फडकं बाजूला केलं. आत कोंबडीच्या लहान अंड्याएवढे राखी रंगाचे तीनशे कोसे होते, प्रत्येकाला काडीसारखा देठ.

"हे पाठवाचं आहे," ती म्हणाली. "सस्त्यात."

मी टोपली काट्यावर ठेवली. साडेतीन किलो भरली. पार्सलाचा दर सांगितला. माझ्या मागं कोणी शहाणा माणूस बसला आहे का, ते तिनं वाकून पाहिलं. सुदैवानं बसला होता.

"मास्तरभाऊ, या बाबूले समजून राह्यलं नाई. येवढ्या पैशात तं मीच जाऊन येईन."

"मग जा ना बाई," मी म्हणालो.

"जाता येत नाई ना. घरी बी टांगलं आहे."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज जाळीच्या पलीकडून अलीकडे येईना इतका बारीक झाला. तिची एकुलती लेक कमळा आलापल्लीच्या पुढं कोतागुड्यात दिलेली. सासरही कोसेवाल्यांचंच. त्या घरचं बी सासूनं, गुणाबाईनं, यंदा पहिल्यांदा सुनेच्या हवाली केलं होतं. बी म्हणजे हेच कोसे. हिवाळ्यापासून माळा करून आढ्याला टांगून ठेवायचे, मृगात त्यांतून पाखरं निघतात, पाखरं अंडी घालतात, अंड्यांतून अळ्या, आणि अळ्या झाडावर. कमळाच्या माळा उंदरांनी कुरतडल्या. एक कोसा शिल्लक राहिला नाही. गुणाबाईनं सुनेला निरोप्यामार्फत नाही, तोंडावरच सांगितलं : माझ्या सासूपासून चालत आलेलं बी तुझ्या हातून गेलं, आता माहेरून आण, नाही तर माहेरीच राह्य.

"आणाले आली अन् दिस टळले तं परत घेनार नाई म्हणते," गिरजाबाई म्हणाली. "अन् न आणता राह्यली तं रोज खानार. म्हणून मी धाडतो. आठ-दहा दिसात पोचाले पाह्यजे. पाखरू निघालं का मंग काई उपेग नाई."

"तुम्हीच नेऊन द्यावं हे बरं," खुशालभाऊ म्हणाले.

"बी टांगल्या घरच्या बाईनं नदी ओलांडू नाई, भाऊ. तेल लावू नाई, मासोळी खाऊ नाई, अन् नदी ओलांडू नाई. बी रुसते."

ढिवराच्या बाईनं चार महिने मासोळी सोडायची, हे ऐकून मला तिच्याविषयी आदर वाटला. मी चार तासही सोडली नव्हती. माझ्या डब्यात त्या क्षणी झिंगे होते.

वैनगंगा मधे. तिला ओलांडता येत नव्हती, टपालाला येत होती. खुशालभाऊंनी पुस्तक उघडलं.

एवढ्यात समोरचे बाबूभाई शिंपी रस्ता ओलांडून आले. पार्सलं मांजरपाटात शिवून द्यायची, हा त्यांचा जोडधंदा होता, आणि जाळीपाशी टोपली दिसली की ते शिवण सोडून येत. गळ्यात टेप, कानामागं खडू.

"शिवूच नका," ते म्हणाले. "बिरजू ट्रकवाल्याकडे द्या. बांबूच्या गाडीवर फुकट जाईल."

"बिरजू कधी जाणार?"

"गया तो आज भी जाएगा. नहीं तो दिवाळीला."

"एसटीच्या कंडक्टरकडे?" मी विचारलं.

"इचारलं जी," गिरजाबाई म्हणाली. "तो म्हणे, आत जीव आहे तं अर्धं तिकीट लागन. तीनशे अर्धी तिकिटं."

बाबूभाईंनी एक कोसा उचलून कानापाशी हलवला. आत काहीतरी टणटणलं. "बाई, वजन तो अंदर के कीडे का है. निघू द्या त्यांना. टरफलं पाठवा, हलकी जातील."

गिरजाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपल्याला पोस्टातले लोक शहाणे मिळाले नाहीत, हे तिनं आता पुरतं स्वीकारलं होतं. "भाऊ, मंग तं टोपलीच रिकामी धाडा ना. आणखी हलकी होईन."

"जिवंत प्राणी टपालानं जात नाहीत," खुशालभाऊ पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले. गिरजाबाईचा चेहरा उतरला. "अपवाद," ते पुढे म्हणाले आणि बोट ओळीवर ठेवलं. "मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे."

दिल्लीला की कुठं, एका टेबलाशी बसून कोणीतरी या देशातल्या सगळ्या प्राण्यांवर नजर टाकली होती, हत्ती, वाघ, बैल, सगळ्यांना नाही म्हटलं होतं, आणि मग थांबून, दौत जवळ ओढून, जळवांना हो म्हटलं होतं. मला त्या माणसाला भेटायची फार इच्छा झाली. अजून आहे.

पुढचा अर्धा तास खुशालभाऊंनी पार्सल, बुकपोस्ट, अंधांचं साहित्य अशी पानं चाळली. शेवटी ते नमुना पाकिटावर थांबले. व्यापारी मालाचा नमुना पाठवतात त्यासाठीचा तो दर. पार्सलाच्या मानानं पुष्कळ कमी. अट दोन : तपासता येईल असं उघडं हवं, आणि विक्रीचा माल नको.

"हे बी तुम्ही विकणार आहात का?"

"लेकीले इकते का जी कोनी?"

"म्हणजे विक्री नाही," खुशालभाऊंनी समाधानानं लिहिलं.

बाबूभाईंनी बांबूच्या दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून, वरून मच्छरदाणीचं कापड शिवून दिलं. हवा आत जाईल, उंदीर जाणार नाही. शिलाई घेतली नाही. "लेकीचं काम आहे," म्हणाले, आणि टोपलीवर खडूनं दोन बाण काढले, वर कुठलं आणि खाली कुठलं ते कळावं म्हणून. दोन्ही बाण वरच गेले. मी ते थैलीत घातलं, थैलीचं तोंड सुतळीनं बांधलं, लाख वितळवून सील मारलं. आलापल्लीच्या दिशेची गाडी दुपारी येणार होती.

गाडी आली नाही. मूल गावाकडून येताना लागणाऱ्या एका नाल्याचा रपटा, म्हणजे बुटका पूल, खचला होता. मंगळवारी आली नाही. बुधवारी आली नाही. थैली माझ्या टेबलाखाली पडून राहिली आणि मी पाय ठेवायला दुसरी जागा शोधली.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास गिरजाबाई आली. धावत आली असावी, कारण पदर खांद्यावर नव्हता, कमरेला होता. तिला वाटेत कोणीतरी सांगितलं होतं की गाड्या बंद आहेत. ती जाळीच्या दारातून सरळ आत आली, जिथं जनतेनं येऊ नये, आणि जमिनीवर बसून तिनं थैलीला कान लावला.

"भाऊ," ती म्हणाली, "इकडे या."

खुशालभाऊ वाकले. मीही वाकलो. थैलीच्या आत कागदावर कोणी हळूहळू नख ओढावं तसा आवाज येत होता. एक नाही, पुष्कळ नखं.

"उमसीनं आधीच, आजच निघते," ती म्हणाली. "घरचेबी आजच निघून राह्यले. भाऊ, इथी आत पंख उकलाले जागा नाई. निघाल्यावर त्याईले टांगून राहावं लागते, तवा पंख पसरते. नाई तं तसेच वाळते, चुरगळलेले. मंग ते मेलेच समजा. सोडा ते तोंड."

"सीलबंद थैली आहे," खुशालभाऊ म्हणाले. "आलापल्लीची आहे ती. तिथंच उघडायची."

"तिथी काय उघडान? राख?"

माझ्या माहितीप्रमाणे खुशालभाऊंनी वीस वर्षांत एकही सील अवेळी तोडलं नव्हतं. ते टेबलाशी गेले. पुस्तक उघडलं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण गिरजाबाईचा श्वास मोजता येत होता. शेवटी ते म्हणाले, "पाठवणाऱ्याला आपलं टपाल परत मागता येतं. लेखी अर्ज लागतो."

"मले लिहिता येत नाई."

"मला येतं." त्यांनी अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, आणि तो स्वतःच मंजूर केला. मग सील तोडण्याचं कारण लिहायची वही काढली. बराच वेळ पेन वर धरून बसले. मग लिहिलं, ते मी आजही शब्दशः सांगू शकतो : 'आतील टपाल जिवंत होत असल्यामुळे.' खाली सही केली. त्या सहीमागं त्यांची नोकरी होती, दोन पोरांचं शिक्षण होतं, आणि लिहिलेलं वाचायला शिकवणाऱ्या बापाचं नाव होतं. त्यांनी ती नेहमीच्याच वळणानं केली.

मग जे काम सुरू झालं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पोस्टात सुतळीची ददात नसते. जाळीपासून पत्रं लावायच्या खणांपर्यंत, खणांपासून खिडकीपर्यंत आम्ही सुतळ्या ताणल्या, आणि गिरजाबाई एकेक कोसा देठानं बांधत गेली. बाबूभाईंची बोटं तिच्या बरोबरीनं चालत होती. मी गाठी मारायला गेलो तर तिनं माझा हात हुंगला.

"काय खाल्लं?"

"झिंगे," मी म्हणालो.

"बाहेर जा. डबाबी ने."

मी डबा बाबूभाईंच्या दुकानात ठेवून, त्यांच्या रांजणावर हात राखेनं घासून परत आलो. तिनं पुन्हा हुंगून मला आत घेतलं. अशी कडक तपासणी नोकरीला लागतानासुद्धा झाली नव्हती. तिनं खिडक्या सताड उघडायला लावल्या आणि दिवा लावू दिला नाही.

"दिव्यापाशी गेले का मरते. अंधार होऊ द्या तसाच."

दिवेलागणीला पहिला कोसा ओला झाला. टोकाशी एक डाग आला, डाग मऊ पडला, आणि त्यातून काहीतरी बाहेर आलं. मी पुष्कळ वर्षं लोकांची चेष्टा करून पोट भरलं आहे, तेव्हा मला खरं सांगण्याची सवय नाही. पण खरं सांगतो. बाहेर आलं ते भिजलेल्या चिंधीसारखं होतं. ते कोशाला धरून लटकलं. आणि मग त्या चिंधीत आतून कोणी तरी फुंकर घालावी तशी तिची एकेक सुरकुती सुटत गेली. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. शेवटी माझ्या पसरलेल्या पंजाएवढं पाखरू सुतळीवर होतं, पिकल्या मोहाच्या रंगाचं. चारही पंखांवर एकेक गोल काच. काच म्हणजे खरंच आरपार. त्या काचेतून मला भिंतीवरची टपालदरांची पाटी दिसत होती, फक्त आकडे वाचता येत नव्हते. त्या घटकेला ते बरंच होतं.

मग दुसरं. मग खणांपाशी एकदम पाच. साठेक तरी निघाली असतील. विटकरी होते ते नर, ते पंख वाळताच खिडकीतून बाहेर पडले. एकामागून एक, चाळीसच्या जवळपास.

"गेले," मी म्हणालो. "बाई, तुमचे नर गेले."

"जाऊ दे. जातेच."

"मग या बायांचं काय?"

"गप बसा ना जी जरा."

माद्या कुठंही गेल्या नाहीत. सुतळीवर लटकून शेपटाचं टोक जरासं बाहेर काढून त्या स्वस्थ होत्या, जसं काही जाळीपाशी बसून कोणाची वाट पाहायला त्यांना पगार मिळत होता. बाहेर रस्ता निळा झाला. समोरच्या दुकानाची पाटी दिसेनाशी झाली. बाबूभाई खिडकीपाशी उभे होते. त्यांनी एक पाऊल मागं घेतलं.

पहिला नर खिडकीतून आला तेव्हा मला वाटलं वटवाघूळ आहे. मागोमाग दुसरा. मग कवेलूंवर वरून कोणी मूठभर धान्य टाकावं तशी टपटप झाली, आणि दोन्ही खिडक्यांतून ते आत येऊ लागले. आमचे गेलेले नव्हते, किंवा त्यांच्यात आमचेही असतील. हे जास्त गडद होते, काहींच्या पंखांच्या कडा झिजलेल्या होत्या, लांबून आलेल्या माणसाच्या धोतरासारख्या. प्रत्येकाच्या डोक्यावर दोन फण्या. टपाल आलं की नोंदवायचं, ही हाताला सवय, म्हणून मी बोटांवर मोजायला लागलो. साठपर्यंत गेलो. मग एक माझ्या कपाळावर बसला, आणि त्याच्या पायांची जाणीव इतकी हलकी होती की मी आकडा विसरलो. खोलीत वारा नव्हता, तरी टेबलावरचे कागद उडत होते. पंखांनी.

एकही नर भिंतीवर चुकून बसून राहिला नाही. घुटमळत, आपटत, खणांवरून, काट्यावरून, माझ्या कपाळावरून, ते आपापल्या मादीपाशी गेले. आणि गेल्यावर जे हलायचे थांबले ते थांबलेच. उरलेले रिकाम्या सुतळीवर बसून राहिले, मुकाट्यानं, जागा नसलेल्या गाडीतल्या माणसांसारखे.

"सुब्हानअल्लाह," बाबूभाई पुटपुटले.

"कुठून आले हे?" शेवटी खुशालभाऊंनी विचारलं. देवळात विचारावं तसं.

"रानातून. व्याहाडाकडून म्हणा, नदीकडून म्हणा. कोस, दोन कोस, आणखीबी."

"यांना कळवलं कोणी?"

"हिनं." गिरजाबाईनं हनुवटीनं सुतळीकडे दाखवलं. "शेपटाकडून बास सोडते. आपल्याले येत नाई, त्याईले येते."

"पता तो किसी का लिखा नहीं," बाबूभाई म्हणाले. "मग पोचतं कोणाला?"

"ज्याचं आहे त्याले."

खुशालभाऊ दरांच्या पाटीकडे वळले. अंधारात ती दिसत नव्हती, पण त्यांना पाठ होती. "याचा दर आपल्याकडे नाही," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटून ठेवलं. उत्तर न सापडता ते त्यांनी मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी सकाळी जोड्या तशाच लटकलेल्या होत्या. त्या दिवशी सावलीच्या जनतेनं पोस्टकार्डं खिडकीतून हळू आवाजात विकत घेतली. गिरजाबाई गाडगी घेऊन आली होती. दुपारनंतर माद्या तिनं गाडग्यात ठेवल्या, अंडी घालायला. या पाखरांना तोंड नसतं, ती म्हणाली. खात नाहीत, पीत नाहीत, आठवडाभर जगतात आणि काम संपलं की मरतात. टपालखात्याला असाच माणूस पाहिजे होता. त्याऐवजी मी मिळालो.

पण ती हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हती. तिचं मन कोतागुड्यात होतं. उरलेले कोसे संध्याकाळपर्यंत फुटणार होते. पाठवायला काहीच उरणार नव्हतं.

"पोरीचं बी गेलं," ती म्हणाली. रडली नाही. नुसतं सांगितलं.

खुशालभाऊ गाडग्यात पाहत होते. तळाशी अंडी होती, खसखशीपेक्षा मोठी, मसुरीपेक्षा बारीक, प्रत्येकाला कडेनं काळी रेघ. "ही कधी फुटतात?"

"नऊ दिसात."

"आणि एक पाखरू किती घालतं?"

"दीड-दोनशे."

"वजन?"

"अंड्याचं का वजन असते, भाऊ?"

"हेच विचारतोय मी."

गिरजाबाई एकदम मागं सरकली. तिला आमच्याआधी कळलं होतं. "नाई जी. अंडी घराबाहेर देत नाई. कोसा देते, अंडं नाई. अंडं दिलं का घरचं नशीब त्याच्यासंगं जाते. माह्या मायनं देल्लं नाई, तिच्या मायनं देल्लं नाई."

बाहेर एक बैलगाडी गेली. गिरजाबाईनं वहीकडे पाहिलं, जिच्यात आदल्या दिवशी कारण लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण सही कुठली ते कळत होतं.

"तुमी तं सील तोडलं," ती म्हणाली.

मग तिनं येनाच्या पानाचा द्रोण केला, वीस पाखरांची अंडी पिसानं त्यात लोटली आणि द्रोण पत्रांच्या काट्यावर ठेवला. पार्सलाचा नाही, पत्रांचा. मी वजनं लावत गेलो. चाळीस ग्रॅमला पारडं हललं.

तीन-चार हजार अळ्या, त्यांच्यासाठी लागणारी शंभर झाडं, येत्या दिवाळीचे हजारो कोसे, गुणाबाईचं तोंड बंद आणि एका पोरीचं नांदणं : सगळं मिळून चाळीस ग्रॅम. सोमवारी आम्ही साडेतीन किलोला स्वस्त दर शोधत होतो. ते एका लिफाफ्यात जात होतं. वर जास्तीची तिकिटं लावली की झालं. आणि लिफाफा म्हणजे पत्र. पत्र पहिलं जातं, नमुना पाकीट मागून.

ठप्प्याची भीती होती. आमचा ठप्पा असा पडे की जाळी हादरे. म्हणून मी रिकाम्या लिफाफ्यावर तिकिटं लावली, ती आधी रद्द केली, आणि मग बाबूभाईंनी आत कापसाची गादी शिवून अंडी घातली. सुईनं बारीक भोकं पाडली. खुशालभाऊंनी स्वतः पत्ता लिहिला, आणि पत्त्याभोवती, वर, खाली, कडेला, मोत्यासारख्या अक्षरांत सूचना लिहिल्या : ठप्पा हलक्या हातानं मारावा, उन्हात ठेवू नये, वर काही ठेवू नये, आत जीव आहेत. नवा जिल्हा लिहायचा की जुना, यावर ते जरा थांबले. मग चांदा लिहिलं. नियमाविरुद्ध त्या आठवड्यातली ही दुसरी गोष्ट.

शनिवारी रपट्यावर मुरूम पडला आणि गाडी आली. थैली मी स्वतः नेऊन दिली, छातीशी धरून. कंडक्टरनं विचारलं, काय आहे एवढं. मी म्हणालो, पत्र.

पुढचे पंधरा दिवस गिरजाबाई एक दिवसाआड यायची. काही विचारायची नाही. जाळीपाशी उभी राहायची, खणांकडे पाहायची आणि जायची. तिच्या घरच्या अळ्या झाडांवर चढल्या होत्या, नशीब काही कुठं गेलं नव्हतं, पण ती ते बोलून दाखवत नव्हती. दाखवलं तर जाईल म्हणून असेल.

एका मंगळवारी कार्ड आलं. कमळा चौथी शिकलेली होती. अक्षर तिचंच. गिरजाबाई आली तेव्हा खुशालभाऊ उठून जाळीपाशी गेले. बाबूभाई कैची हातात घेऊनच आले. खुशालभाऊंनी वाचलं :

'ती. आईस कमळाचा नमस्कार. पाकीट भेटलं. पाचव्या दिवशी अळ्या निघाल्या, काळ्या, मुंगीएवढ्या, येवढ्या निघाल्या का द्रोण हालत होता. सासूबाई पाहाले बसल्या त्या उठल्याच नाई. आता येनावर आहेत, हिरव्यागार झाल्या, पाने खाते तं पाऊस पडल्यासारखा आवाज येते. चिमण्यांनी दोन खाल्ल्या, बाकी समद्या जित्या आहेत. सासूबाई म्हणते, आमच्या बियापरीस तुमचं बी मोठं अंग धरते. पुढच्या सालीबी बी मीच टांगावं म्हणते. कोनाले दिसू नाई म्हणून त्यांनी रडून घेतलं, पण मले दिसलं.'

गिरजाबाईनं जाळीच्या लाकडाला धरलं. बाबूभाई कैचीकडे पाहत राहिले. खुशालभाऊंनी कार्ड उलटं केलं, कडेला आडवी लिहिलेली ओळ राहिली होती, आणि जरा खाकरून तीही वाचली :

'पोस्टातल्या भाऊले सांगजो, आमच्या इथच्या डाकवाल्याचा चष्मा फुटला आहे, त्याले पाकिटावरचं काईच वाचता आलं नाई, पुढच्या खेपेस नुसतं गावाचं नाव लिहा म्हणा, पण मोठं.'